वर्गातले प्रोजेक्ट, छापखाना आणि देवनागरी: ग्राफिक डिझाइन शिकतानाचे अनुभव आणि एक प्रश्न

कोकमरंग:

नमस्कार. वाचक म्हणून मी इथे जुनी, धागा मात्र पहिलाच.

मी डिचोली तालुक्यातली, अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला. बारावीनंतर डिझाइनला जावं का, असे धागे इथे दर मे महिन्यात येतात. त्यांत फी, प्रवेशपरीक्षा आणि पगार यांचीच चर्चा होते. वर्गात चार वर्षं मुलं करतात काय, एखादा प्रोजेक्ट संपल्यावर हाताला काय लागतं, हे कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणून लिहिते. शेवटी माझ्या चालू प्रोजेक्टचा प्रश्न आहे, छपाईतल्या मंडळींनी जरूर बोलावं.

पहिलं वर्ष सगळं हाताचं. पोस्टर कलर, ब्रश, रूलिंग पेन, कटर, गोंद. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा करड्या छटांची एक पट्टी रंगवायची असते, आणि शेजारशेजारच्या चौकोनांतला फरक सगळीकडे सारखा दिसायला हवा. ऐकायला सोपं वाटतं. पण पांढऱ्यात ब्रशच्या टोकाएवढा काळा पडला तरी छटा एकदम खाली येते, आणि गडद बाजूला कितीही काळा घाला, डोळ्याला फरक कळत नाही. मी ती पट्टी सात वेळा केली. तेव्हा चीड यायची. पुढच्या वर्षी एका लेबलावर हिरव्या पट्टीवर लाल अक्षरं ठेवली होती. रंगीत पाहताना दोन्ही लख्ख वेगळी, पण झेरॉक्स काढली तर अक्षरं पट्टीत विरघळून गेली. लाल आणि हिरवा दोघांचा करडा एकच होता. पट्टी केली नसती तर कारण सापडलं नसतं. आता कुठलंही काम मी आधी काळं-पांढरं करून बघते.

दुसऱ्या वर्षी पहिला मोठा प्रोजेक्ट आला: सणातली एखादी वस्तू घेऊन तिच्या नावाचं शब्दचिन्ह करा, म्हणजे शब्दाचाच लोगो. मी माटोळी घेतली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, वेली, सुपारीचे घड, नारळ बांधतात, ती माटोळी. नेटवर पाहिलेली सगळी उंची दुकानांची नावं अक्षरं सुटी सुटी ठेवून लिहिलेली होती. मीही मराठी फॉन्ट घेतला आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलं. शिरोरेषेचे तुकडे झाले, पण स्क्रीनवर मला ते नाजूक आणि नवं वाटत होतं. घरी आजीला दाखवलं. आजी श्रावणात रोज पोथी वाचते, म्हणजे अक्षरांची सवय आहे. तिने वाचलं, "मा. टो. ळी." मग म्हणाली, "ही तीन नावां कोणाची गो?"

मी फाइल बंद केली आणि चार दिवस बोरूने तोच शब्द लिहीत बसले. घरातली माटोळीची चौकट माळ्यावर होती, ती खाली काढून समोर ठेवली. आडव्या दांड्या जागच्या जागी पक्क्या, आणि खाली लोंबणारं प्रत्येक फळ वेगळ्या वजनाचं, वेगळ्या लांबीचं. शिरोरेषा म्हणजे तीच दांडी. ती अखंड राहिली तर म चा बारीकपणा, ट चा पोकळ गोल आणि ळ ची दोन जड पोटं हे सगळे एका घरचे दिसतात. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली वरून टांगलेली असतात, हे वर्गात ऐकलं होतंच. चौकट समोर ठेवल्यावर ते हाताला कळलं.

तिसऱ्या वर्षीचा पॅकेजिंगचा प्रोजेक्ट मी जास्त सविस्तर सांगणार आहे, कारण त्याने मला सर्वांत जास्त दिलं.

आमच्या वाड्यावरच्या बायकांचा बचतगट सोलां करतो, म्हणजे आमसुलं. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर झेरॉक्सची चिठ्ठी. मी ठरवलं की यांचंच पाकीट करायचं. तपकिरी क्राफ्ट कागदाची पिशवी, तिच्यावर कोकमाचा मरून रंग, आणि नाव पांढऱ्या अक्षरांत. स्क्रीनवर ते इतकं देखणं दिसत होतं की मी वर्गात सगळ्यांना दाखवत फिरले. मग प्रिंट काढायला गेले. छापून आलं त्यात पांढरी अक्षरं नव्हतीच, त्या जागी कागदाचा तपकिरी रंग. मरूनचा झाला होता जळकट चॉकलेटी. दुकानातल्या मुलाने शांतपणे समजावलं की चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसते, पांढरा म्हणजे कागद. आणि शाई पारदर्शक असते, खालचा कागद तिच्यातून दिसतोच. ही व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती. पण हातात ते प्रिंट घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिले तेव्हा ती समजली.

दुसऱ्या खेपेला पिशवी तपकिरीच ठेवली आणि लेबल पांढऱ्या कागदावर घेतलं. तोवर जुलै उजाडला. सोलांना मीठ असतं, पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढतात आणि पाझरतात. इंकजेटवर काढलेलं लेबल तिसऱ्या दिवशी ओघळलं. मग लेझर प्रिंट, वर लॅमिनेशन, आणि लेबलाची जागा पिशवीच्या वरच्या भागात, जिथे ओल पोचत नाही.

आणि मजकूर! माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये नाव होतं, कोकमाच्या फळाचं चित्र होतं आणि भरपूर मोकळी जागा होती. गटाच्या प्रमुख मावशींनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "वजन कुठे लिहिलंस? दुकानदार आधी तेच बघतो." निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर, शाकाहाराचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, यांतलं काहीच मी धरलं नव्हतं. नंतर कुठेतरी कोपऱ्यात कोंबू म्हणून सोडलेलं होतं. तिसरं डिझाइन मी या मजकुरापासूनच सुरू केलं. आधी वजन आणि तारीख बसवली, मग नाव, चित्र सगळ्यात शेवटी. तेच पाकीट त्या वर्षी चवथीच्या बाजारात गेलं. लेबलाचा फोटो सोबत जोडला आहे. मावशींची अजून एक तक्रार आहे की तारीख मोठी हवी, म्हातारी गिऱ्हाइकं चष्मा शोधत बसतात. पुढच्या छपाईत ती वाढवणार आहे.

मधे एक छोटा प्रोजेक्ट अक्षरं गोळा करण्याचा झाला. पणजीत फोंतेन्यासमधल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशांवरची रस्त्यांची नावं आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या रंगवलेल्या पाट्या, यांचे फोटो आणि हाताने काढलेल्या नकला. त्या वेळी सरांनी सांगितलं ते डोक्यातून जात नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. ते मराठी काव्य, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, इथे नव्हते. चारशे वर्षांनी माझे मित्र मोबाइलवर मराठी रोमनमध्येच लिहितात आणि मला पाठवून म्हणतात, जरा देवनागरीत टाक ना. खिळ्यांची अडचण तर आता राहिलेली नाही.

आता प्रश्न. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एक भाग मी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल घेतला आहे. खरं हँडबिल, हजार प्रती छापल्या जाणार. मी केलेला आराखडा असा: वर देवाचं नाव, मध्ये नाटकाचं नाव मोठ्या अक्षरांत, तारीख-वेळ, दिग्दर्शक, बस्स. वर्गात सगळ्यांना आवडला. मंडळाने परत पाठवला. त्यांना पात्रपरिचय एकोणीस जणांचा, ऑर्गन आणि तबला साथ, नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशयोजना, आणि त्रेचाळीस देणगीदारांची नावं हवीत. शिवाय मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप केलेला आहे, माझ्याकडे उघडला की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो.

इतकी नावं एका ए५ कागदावर घेतली की डिझाइन उरत नाही. नाही घेतली तर हँडबिल गावाचं राहत नाही. शिवाय नाटकाचं नाव हाताने लिहावं की फॉन्टमध्ये? तुम्ही काय केलं असतं?

सत्तरीचा_पाऊस:

ताई, खूप छान लिहिलंय. मी पहिल्या वर्षाला आहे, सध्या करड्या पट्टीतच अडकलोय. चार झाल्या.

माझी वेगळीच अडचण आहे. घरच्या लॅपटॉपवर इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. "स्थिती" लिहिलं तर वाचताच येत नाही. फॉन्ट बदलून पाहिला, तसंच.

रेघोटी:

@सत्तरीचा_पाऊस, फॉन्टचा दोष नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात इंडिक ऑप्शन्स दाखवा अशी खूण असते, ती चालू कर. मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवड. साधा कंपोझर रोमनच्या हिशोबाने एकामागे एक अक्षर ठेवत जातो, त्याला वेलांटी आधी काढायची हे माहीत नसतं. इनडिझाइनमध्येही हाच कंपोझर लागतो.

@कोकमरंग, मी मूळची फोंड्याची, बारा वर्षं पुण्यात हेच काम करते. तुझं माटोळीचं वाचून मला माझी पहिली नोकरी आठवली. तिथेही साहेबांना मराठी नाव "इंग्रजीसारखं मोकळं" हवं असायचं. अक्षरांतलं अंतर वाढवणं देवनागरीला चालतच नाही. मोकळेपणा हवा तर तो ओळींमध्ये द्यावा. आपल्या मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात. रोमनला १० वर १२ पॉइंट (म्हणजे अक्षर १० चं, एका ओळीपासून दुसरी १२ वर) पुरतात, तिथे देवनागरीला मी १० वर १५ देते. शिवाय त्याच पॉइंटला देवनागरी लहान दिसते, म्हणून दोन्ही लिप्या शेजारी असतील तर देवनागरी एक-दीड पॉइंटने वाढवते.

अजून एक. तुझ्या लेबलाच्या फोटोत "सोलां" मधला ल हिंदी वळणाचा दिसतोय. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी रूप येतं, नाहीतर ग्लिफ पॅनेलमधून, जिथे फॉन्टातली सगळी अक्षररूपं दिसतात, हाताने घ्यावं लागतं. गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी आहे, त्याची मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी तीन वेगळी रूपं मोफत मिळतात. एक टाइप या मुंबईच्या गटाचे मुक्ता आणि बालू हेही तिथेच आहेत. मुक्ता नावांच्या यादीसाठी फार चांगला, लहान आकारातही अक्षराची पोटं मिटत नाहीत.

नावांबद्दल माझं मत वर्गासारखंच आहे. हँडबिलाने एक काम करावं: नाटक कुठे, कधी. बाकी मंडळाने फलकावर लिहावं.

अंगणातली_तुळस:

रेघोटी, तुमच्या बाकीच्या मुद्द्यांशी सहमत आहे, या एका मुद्द्याशी नाही.

मी पेडण्याला मराठी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. माझ्या ट्रंकेत आमच्या गावच्या नाटकांची जुनी हँडबिलं आहेत, गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदाची. माझे वडील स्त्रीपार्ट करायचे. त्यांचा त्या वेशातला एकही फोटो आमच्याकडे नाही. हँडबिलावर त्यांचं नाव छापलेलं आहे, तेवढंच. नाटक कुठे आहे हे गावात कुणाला विचारावं लागत नाही हो. देवळासमोर मंडप दिसतो, तालमीचा आवाज महिनाभर कानावर असतो. हँडबिल घरोघर जातं ते आपल्या माणसाचं नाव वाचायला. ज्याने पाचशे रुपये दिले त्याच्या घरी ते देवाच्या फोटोमागे खोचून ठेवतात.

कोकमरंग, बाळ, मावशींनी तुला वजन कुठे आहे असं विचारलं आणि तू पाकीट वजनापासून सुरू केलंस. इथेही तसंच करून बघ.

छपाईवाला_म्हापसा:

बाईंनी बरोबर सांगितलं. आता माझ्या बाजूचं.

माझे वडील जुळारी होते. खिळ्यांच्या केससमोर उभं राहून नाटकाची हँडबिलं जुळवायचे. डिग्री नावाच्या जातीच्या खिळ्यांत मात्रा आणि वेलांटीचा तुकडा बाहेर आलेला असायचा, तो मोडायचा. जत्रेच्या हंगामात मात्रा संपल्या की ते मंडळाला सांगायचे, ह्या नावाच्या जागी दुसरा शब्द द्या. मी ऑफसेटवर आलो तेव्हापासून तो त्रास गेला आणि दुसरे आले.

बाय, ऐक. पहिली गोष्ट, ए५ दोन बाजूंनी छाप. हजार प्रतींना दुसऱ्या बाजूचा खर्च फार येत नाही, एक प्लेट वाढते. पण कागद पातळ घेऊ नकोस, मागची शाई पुढे दिसते. ८० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) मॅपलिथो घे, तो बिनचकाकीचा छपाईचा कागद. आर्ट पेपर नको, घडी घातली की चिरतो आणि दिव्याखाली चमकतो, म्हाताऱ्यांना वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट, चार रंगांच्या मागे लागू नको. रंगीत कागद घे आणि एक शाई. कागदाचा रंग हाच तुझा दुसरा रंग. काळ्याऐवजी मरून शाई पाहिजे तर तीही भरता येते, मशीनचे रोलर धुवायची मजुरी तेवढी पडते. कुठल्या कागदावर मरून कशी दिसते हे तुला क्राफ्टच्या पिशवीने शिकवलंच आहे. फिकट पिवळ्यावर ती उबदार येते, हिरव्यावर मळकट.

तिसरी, श्रीलिपीचा मजकूर मला पाठव. आमच्याकडे कन्व्हर्टर आहे. पण बदलल्यावर एकेक शब्द वाचावा लागतो. र्‍य आणि ऱ्ह हमखास बिघडतात, श्र सुद्धा. देणगीदाराचं नाव चुकलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात, ती तू खाणार नाहीस, मी खाईन.

आणि फाइल देताना कर्व्ह करून दे, पण मुद्रितं तपासून झाल्यावरच. कर्व्ह झाल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, आकार होतो, दुरुस्ती होत नाही. आधीची फाइल वेगळी जपून ठेव.

नवखा_पालक:

मुलगा बारावीला आहे, चित्रकला चांगली. हा धागा त्याला वाचायला दिला. एक विचारायचं होतं, पहिल्या वर्षापासून महागडा कॉम्प्युटर घेऊन द्यावा लागतो का? सॉफ्टवेअरचाही खर्च ऐकतो.

कोकमरंग:

@नवखा_पालक, पहिल्या वर्षाला अजिबात नको काका. रंग, ब्रश आणि चांगला कागद यांवरच बराच खर्च होतो, तो धरून चाला. कागद कपाटात प्लास्टिकमध्ये ठेवा, आपल्या पावसात मोठे शीट वाकतात आणि त्यांना बुरशी येते. दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर लागतो, तेव्हाही आमच्यातली दोघं बराच काळ इंकस्केपवर काम करत होती. ते मोफत आहे आणि त्यात मराठी नीट उमटतं.

बोरू_आणि_दौत:

मी पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, पण देवळांची आणि बोटींची नावं अजून हातानेच होतात.

नाटकाचं नाव हाताने लिही. कारण सांगतो. फॉन्टमध्ये दोन र सारखेच येतात. हाताने लिहिताना माणूस शेजारचं अक्षर बघून र लिहितो, जागा कमी असेल तर आखडतो, जास्त असेल तर त्याची शेपटी लांबवतो. म्हापशाच्या पाट्यांच्या नकला तू काढल्यास म्हणतेस, तिथे हे पाहिलं असशील. बोरूचं टोक देवनागरीसाठी रोमनच्या उलट तिरकं कापायचं. इंग्रजी कॅलिग्राफीची बाजारातली निब घेऊन लिहिलंस तर जाड-बारीक उलटं पडेल आणि काय चुकलं ते कळणार नाही.

पण एक लक्षात ठेव. हाताचं फक्त नाटकाचं नाव. नावांची यादी हाताने लिहू नकोस, ती वाचायची असते.

रेघोटी:

अंगणातली_तुळस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी हँडबिल अनोळखी माणसासाठी असतं असं धरून बोलत होते, कारण शहरात माझं काम तसंच असतं. गावच्या जत्रेचं गणित वेगळं आहे, आणि ते मला माहीत असायला हवं होतं. माझे आजोबा फोंड्याला अशाच मंडळात पेटी वाजवायचे. माझं मत मी मागे घेते.

@बोरू_आणि_दौत, शंभर टक्के. फक्त स्कॅन चांगला हवा. ६०० डीपीआयच्या खाली नको, आणि सॉफ्टवेअरच्या आपोआप ट्रेसवर सोडू नये. तो बोरूची धार गोल करून टाकतो. वरून पेन टूलने स्वतः गिरवावं.

सत्तरीचा_पाऊस:

@रेघोटी ताई, कंपोझर बदलला. स्थिती आली!! वर्गातल्या सगळ्यांना सांगितलं. तीन जणांना हाच त्रास होता आणि ते शब्दांचे फोटो काढून चिकटवत होते.

कोकमरंग:

आठ दिवसांनी येते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. मधे सबमिशन होतं.

बाईंचा प्रतिसाद वाचून मी फाइल बाजूला ठेवली आणि मंडळाच्या बैठकीला गेले. नावं कुणाची आणि कशा क्रमाने, हे विचारायला. तिथे कळलं की दर वर्षी भांडण नावं किती याच्यावरून होतच नाही, पहिलं कुणाचं यावरून होतं. मी वाड्यांप्रमाणे गट पाडून दाखवले, आणि प्रत्येक वाड्यात नावं अकारविल्हे. कुणीच आक्षेप घेतला नाही. उलट एका काकांनी आमच्या वाड्याची दोनच नावं दिसतात म्हणून तिथल्या तिथे दोन देणगीदार वाढवले. म्हणजे आता पंचेचाळीस.

मागची बाजू मी आधी केली. दोन स्तंभ, मुक्ता ९ वर १४ पॉइंट, वाड्याचं नाव थोडं जाड. पात्रपरिचयही तिथेच, पात्राचं नाव डावीकडे आणि नटाचं उजवीकडे. पहिल्यांदा मी मध्ये ठिपक्यांची ओळ दिली होती, पण एकोणीस ओळींत ठिपकेच आधी दिसायला लागले. काढून टाकले आणि स्तंभ जवळ आणले. हे सगळं बसल्यावर पुढच्या बाजूला आपोआप मोकळी जागा राहिली. तिथे फक्त देवाचं नाव, नाटकाचं नाव आणि तारीख-वेळ. वर्गात आवडलेला आराखडा तसाच आला, त्याला पाठ मिळाली इतकंच.

नाटकाचं नाव बोरूने लिहिलं. साठेक वेळा. दादा, तुम्ही सांगितलेल्या उलट्या कापाने पहिल्यांदा जाडी योग्य जागी पडली. आधी माझ्या हातात बाजारातलीच निब होती, आणि माझी अक्षरं आजारी का दिसतात ते मला दोन वर्षं कळत नव्हतं.

आजीला दाखवलं. तिने पुढची बाजू एका नजरेत वाचली, मग कागद उलटून आमच्या वाड्याची नावं बोट ठेवून वाचत बसली. तिला ९ पॉइंट जड जातात, ते दिसलं. १० वर १५ करायचं म्हटलं तर सात ओळी बाहेर जातात. छपाईवाले काका, ए५ च्या ऐवजी थोडा उंच कागद घेता येईल का?

छपाईवाला_म्हापसा:

येईल. ए५ ला चिकटून राहायची गरज नाही. मोठ्या शीटमधून कसे तुकडे पडतात त्यावर सगळं. उंची किती वाढते ते मला मिलिमीटरमध्ये सांग, मी हिशोब करून सांगतो कागद वाया जातो की नाही. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या कडेबाहेरची जास्तीची जागा, ठेव, रंग कडेपर्यंत नसला तरी सवय असू दे. आणि पोट मिटेल इतकं जाड काही करू नको, मॅपलिथो शाई पितो, छापल्यावर अक्षर जरा फुगतं.

श्रीलिपीची फाइल बदलून झाली. अकरा चुका सापडल्या, त्यांतल्या आठ आडनावांत. लाल खुणा करून ठेवल्यात.

अंगणातली_तुळस:

माझ्याकडच्या हँडबिलांपैकी सर्वांत जुनं मोजलं, बाळ. ए५ पेक्षा अरुंद आणि बरंच उंच आहे, १४० बाय २५० मिलिमीटर. नावांसाठीच तसं घेत असावेत. फोटो चढवला आहे.

कोकमरंग:

बाई, फोटो पाहिला. वडिलांचं नाव खालून तिसऱ्या ओळीत आहे ना? त्या मापात माझ्या सगळ्या ओळी १० वर १५ ने बसतात, खाली बोटभर जागाही उरते.

काका, १४० बाय २५० चालेल का? कागद फिकट पिवळा, शाई मरून.

छपाईवाला_म्हापसा:

चालेल. तीन बाजूंनी थोडी पट्टी वाया जाते, तिच्यात मी मंडळाच्या पावत्या काढून देईन. शनिवारी दुपारी ये, जेवणानंतर मशीन मोकळं असतं. पहिल्या पन्नास प्रती शाई जुळेपर्यंत फुकट जातात, त्या वेळी तू इथे असायला हवीस. रंग तुझ्या डोळ्यांनी ठरू दे.

कोकमरंग:

येते. सोबत मंडळाचे सेक्रेटरीही येणार म्हणतात. इतकी वर्षं ते मजकूर देत आले, छापताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही.